सवतीचा चेहरा

मी पेणची असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "मग गणपती रंगवता का?" रंगवले की. लग्नाआधी वडिलांच्या कारखान्यात मी आखणीलाच बसायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. सगळं रंगकाम आटोपलं की शेवटी डोळे, आणि तेही एकाच हाताचे. पण तो झाला माहेरचा धंदा. माझा स्वतःचा धंदा वेगळा होता आणि त्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून या दिवाळी अंकाचं निमित्त साधून मीच सांगून टाकते. मी माणसांचे चेहरे रंगवायचे. भिंतीवर टांगायचे नव्हेत, गळ्यात घालायचे. रुपयाच्या नाण्यावर मावेल एवढा एकेक चेहरा.

सासर सोनाराचं. पेणच्या बाजारात यांचं छोटंसं दुकान, वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. उघडझापीचं लॉकेट घडवून घेणारी गिऱ्हाइकं आत घालायला फोटो आणायची. फोटो म्हणजे काय, कुणाच्या तरी लग्नातला घोळका. त्यातलं हवं ते डोकं कात्रीनं कापायचं आणि लॉकेटात दडपायचं. आमच्याकडची हवा खारट, त्यात घाम, त्यात खोबरेल. दोन पावसाळ्यांत आतल्या माणसाचं भूत व्हायचं. असंच एक भूत परत आलं तेव्हा हे गिऱ्हाइकाची समजूत घालत होते आणि मी मागच्या खोलीत भाजी निवडत होते. मी म्हटलं, "द्या इकडे, निदान नाक तरी काढून देते." त्या नाकापासून माझा धंदा सुरू झाला. नव्वदच्या दशकात तो जोरात चालला. पुढे लॅमिनेशनची मशिनं गल्लोगल्ली आली आणि तो बसला.

काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगते. परदेशात पूर्वी असली चित्रं हस्तिदंतावर काढत. आम्हाला हस्तिदंत कुठला, आणि मिळाला असता तरी त्याला कायद्यानं बंदी. मी पांढऱ्या कचकड्याचा तुकडा घ्यायचे. तो असतो गुळगुळीत, रंग धरत नाही, म्हणून आधी समुद्रफेसानं हलक्या हातानं घासायचा. समुद्रफेस खाडीकाठच्या बायका बाजाराला येताना आणून द्यायच्या. रंग साधे पाण्याचे, पण त्यात डिंक आणि खडीसाखरेचं पाणी घालायचं, म्हणजे वाळल्यावर तडे जात नाहीत. कुंचला खारीच्या केसांचा. वरून बसवायला घड्याळजीकडची काच. ही साखर मोठी दगाबाज. काच बसवेपर्यंत डोळ्यांत तेल घालून राखण करावी लागते. एका प्रतिष्ठित गृहस्थांचा अख्खा गाल माझ्याकडे मुंग्यांनी नेला होता, आणि तो परत भरेपर्यंत "पॉलिश चालू आहे" असं सांगून यांनी त्यांना तीनदा परत पाठवलं.

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुने. डोलवीच्या कंपनीत नुकताच चिकटलेला एक मुलगा होणाऱ्या बायकोसाठी स्वतःचं चित्र काढून घ्यायला आला, तो हेल्मेट घालून. मी म्हटलं, "अरे, ते काढ. कपाळ दिसू दे, केस दिसू देत."

"काकू, केस काय सगल्यांनाच असतात," तो म्हणाला. "हेल्मेट काढलं तं तिच्या घरच्यांना कलंल कसं, कंपनीत हाय तो?"

दिलं हेल्मेट रंगवून, पिवळंधमक. खाली चेहऱ्याला फारशी जागा उरली नाही, पण त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

गागोद्याकडचे दोन भाऊ वडील वारल्यावर आले. दोघांना एकेक लॉकेट हवं होतं. फोटो एकच, तोही टोपीच्या सावलीतला. थोरला म्हणाला, "बाबांना हसरं काढा." धाकटा उसळला, "हसरं? घरात कवा हसले रं ते?" थोरला म्हणाला, "माझ्यासंगं शेतावर हसायचे." दुकानातच दोघांची जुंपली. शेवटी मी दोन वेगवेगळे बाप काढून दिले. प्रत्येकानं आपापला गळ्यात घातला आणि दुसऱ्याच्या गळ्यात आहे तो आपला बापच नव्हे असं मला सांगून गेला. मी दिवसभर त्याचा विचार करत बसले होते. संध्याकाळी दुकान आवरताना हे म्हणाले, "मला तर दोन्ही सारखेच वाटले."

हे काम शिकवलं कुणी असं विचाराल, तर एका इंग्रजानं. तो मला कधी भेटला नाही, त्याचं नावही मला ठाऊक नाही. रोह्याचे एक वकील एकदा एक वस्तू घेऊन आले. त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात पेटी घेतली होती, तिच्या तळाशी ती सापडलेली. हस्तिदंतावर काढलेली एक मडम, अंगठ्याएवढी. एका गालाचा रंग दमट हवेनं उडाला होता. "एवढा गाल भरून द्या," म्हणाले. तो सगळा पावसाळा मडम माझ्या पाटावर मुक्कामाला होती.

एक गाल भरायचा तर दुसरा कसा भरलाय ते आधी बघायला हवं. बघते तर त्यावर रेघ म्हणून नाही, नुसते ठिपके. गुलाबी, पिवळसर, हनुवटीखाली तर चक्क हिरवे. पांढरा रंग कुठेच लावलेला नाही. जिथे पांढरं हवं तिथे त्यानं हस्तिदंतच मोकळा सोडलेला. मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं, बाकी काही पत्ता नाही. मी विचार करायचे, कुणाच्या तरी नवऱ्यानं हिंदुस्थानच्या बोटीवर चढताना ही मडम खिशात टाकली असेल. ज्यानं ती काढली तो तिकडे कुठल्या तरी थंड गावात उजेडाच्या दिशेनं तोंड करून आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायका रंगवत बसला असेल. त्याची स्वतःची बायको जेवायला हाका मारून दमत असेल आणि हा "आलो, आलो" म्हणत जागचा हलत नसेल. माझ्या घरी हाका मारणारे हे होते, फरक एवढाच. मी ठिपक्याला ठिपका लावत गाल भरला. वकिलांना नवा गाल कुठला ते ओळखता आलं नाही. त्या दिवसापासून मी रेघा सोडल्या आणि त्या बिननावाच्या माणसाला मनातल्या मनात गुरू मानलं.

आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले ते सांगते.

आमच्या भागात पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरं लग्न केलं, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची चाल होती. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली बाईची आकृती. सणाला आधी त्या टाकाला हळदकुंकू वाहायचं, मग स्वतः लावायचं. मान पहिलीचा, हे दुसरीनं विसरू नये म्हणून. असे टाक आमच्या दुकानात तयारच असायचे, सगळे एका ठशाचे. कुणाची सवत कशी दिसत होती याच्याशी त्यांचा काही संबंध नसे, आणि कुणी तशी अपेक्षाही करत नसे.

मंजुळा असा एक टाक घेऊन गेली होती. महिनाभरानं तो घेऊन परत आली. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातली बाई, विशी-बाविशीची, नवरा बार्जवर कामाला. टाक आमच्यासमोर ठेवून म्हणाली, "ह्याला तोंड नाय."

"टाकाला असतं तेवढं आहे की," हे म्हणाले.

"मना चालतंय. तिच्या आयसला नाय चालत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवऱ्याची पहिली बायको वनिता तापानं गेली. तिची लहानगी मुलगी दीपा. तिला आजीनं, म्हणजे वनिताच्या आईनं, खाडीपलीकडच्या आपल्या गावी नेऊन ठेवलं होतं. मंजुळा लग्न होऊन घरात आली तरी आजी पोर सोडेना. नवराबायको आणायला गेली तेव्हा आजीनं मंजुळाच्या गळ्यातला टाक बोटांत धरला, उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "ही कोन? माजी पोर अशी बिनतोंडाची नव्हती. माजी वनिता तुज्या गल्यात दिसंल, तवा पोर नेयाची."

"आनि गावात मना काय बोलतात म्हाईत हाय?" मंजुळाचा आवाज चढला. "सावत्र आयसनं पोर हाकलली! मी तं पोरीला धड बघितली पन नाय. धनी कामावरशी येतात, जेवतात, तिच्या फ्राकाकडं बघत गप बसतात. जूनला शाला लागंल, तिचं नाव घालायचं हाय. बाय, मना ती पोर घरात पायजे."

मी म्हटलं, "वनिताचा फोटो आण."

फोटो नव्हता. समुद्राचं पाणी अडवणारा मातीचा बांध असतो, त्याला भरतीनं खांड पडली की खारं पाणी सरळ घरात शिरतं. तसं ते एका वर्षी शिरलं होतं आणि पेटीतल्या सगळ्या फोटोंचा लगदा झाला होता. बिनफोटोचं चित्र मी तोवर कधी केलं नव्हतं. हे मागून डोळे वटारून मला नको नको म्हणत होते. पण ती पोरसवदा बाई हट्टाला पेटून उभी होती आणि मला तिची दया नव्हे, कौतुक वाटलं. मी हो म्हणून बसले.

एके सकाळी आम्ही दोघी आजीच्या गावी गेलो. बायजाबाई तिचं नाव. अंगणात सुकट निवडत बसली होती. माझ्याकडे बघितलं, मंजुळाकडे बघितलं नाही. दीपा खांबाच्या आडून माझ्या पेन्सिलीवर नजर ठेवून होती.

"वनिता तुमच्यावर गेली होती का, मावशी?" मी विचारलं.

"लोक बोलायचे."

"दिसायला कशी होती?"

"चांगली व्हती."

गेलेलं माणूस कसं होतं असं विचारलं की सगळे हेच सांगतात. चांगलं होतं. आता या 'चांगल्या'चं चित्र काढायचं कसं? पोरीची हनुवटी टिपून घेतली, बायजाबाईचा चेहरा टिपून घेतला आणि घरी येऊन त्या चेहऱ्यावरचं वय पुसत पुसत एक तरुण बाई रंगवली. मला स्वतःला ती फार आवडली. हेसुद्धा "वा!" म्हणाले, आणि ते सहसा म्हणत नाहीत. मंजुळानं तर बघितल्याबरोबर हात जोडले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

बायजाबाईला मात्र एक नजर पुरली. "ही गवर हाय," ती म्हणाली. "हिला मखरात बसवा. माजी वनिता नाय."

माझा असा संताप झाला म्हणता! फोटो नाही, तोंडानं धड दोन शब्द सांगायचे नाहीत आणि वर नावं ठेवायची. मी तणतणत घरी आले. वाटेत मंजुळाशीसुद्धा सरळ बोलले नाही. बिचारी मागून चालत होती आणि एकच विचारत होती, "आता पोर नाय देनार का ती?" त्या प्रश्नाचाही मला रागच आला.

राग उतरल्यावर चित्र पुन्हा हातात घेतलं आणि मलाच हसू आलं. म्हातारी खरं बोलत होती. गौरच होती ती. देवाचे डोळे असे आखतात की ते कुणा एकाकडे बघत नाहीत, समोर येईल त्या प्रत्येकाकडे बघतात. दोन्ही तंतोतंत सारखे, पुरते उघडे, शांत. लहानपणापासून माझा हात त्या वळणावर बसलेला. समोर फोटो असला की मी हाताला आवर घालायचे. या वेळी फोटो नव्हता, तर हात आपला सरळ माहेरी निघून गेला. हा घोटाळा पेणच्या कारखान्यात वाढलेल्या बाईच्याच हातून व्हायचा.

मी मंजुळाला निरोप पाठवला आणि आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला वनिता कशी होती हे विचारलंच नाही. विचारलं, "मावशी, तुमची दोघींची भांडणं कशावरनं व्हायची?"

बायजाबाई सुकटीवरचा हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग जी सुटली!

"हट्टी म्हंजे किती हट्टी! मिठागरावर जाताना मी बोलली, डोक्याला फडका बांध, ऊन लागंल. बांधायची नाय. आनि वरशी मनाच बघायची, अशी." तिनं मान तिरकी केली, डावा डोळा जवळजवळ मिटला, उजवा बारीक केला आणि दात दाबले. "मी बोलायची, नीट बघ गो, डोले हायेत का भोकं? तं आजून बारीक करायची. अशी द्वाड!"

खांबाआडून दीपा खुदकन हसली. आजीनं असं तोंड केलेलं तिनं बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं. मग ती मंजुळाकडे वळली. "तू पन मिठागरावर जातं?"

"नाय. माजं माहेर भाताकडचं."

"म्हनून तुजे डोले मोठे," पोर म्हणाली आणि परत खांबामागे गेली. मंजुळा माझ्याकडे बघून हसली. डोळ्यांत पाणीही होतं.

मी मात्र बायजाबाईकडे बघत होते. बोलून झालं तरी तिचे डोळे बारीकच होते. ते तसेच होते, कायमचे. उन्हात मिठाच्या पांढऱ्या राशींकडे बघत जन्म गेला की डोळे पुरते उघडायचे विसरतात. कडेला सुरकुत्यांचं जाळं पडतं, ते विशीतच पडतं. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते होतं आणि मी ते म्हातारपण समजून पुसून टाकलं होतं. इतकी वर्षं माणसांचे चेहरे रंगवणारी मी, आणि एवढं दिसू नये? मला फार वाईट वाटलं.

या वेळी डोळे आधी केले. डावा मिटल्यासारखा, उजव्यात पापणीखाली अर्धवट झाकलेला एक काळा ठिपका, कडेला उन्हाच्या सुरकुत्या. मग दाबलेले ओठ, दीपाची हनुवटी. सगळं ठिपक्याठिपक्यानं. चित्र सुंदर नव्हतं. उन्हाला वैतागलेली, हेकट, आता काहीतरी फाडकन बोलेल अशी बाई होती ती. मंजुळानं बघितलं आणि या वेळी हात जोडले नाहीत. जरा मागे सरून म्हणाली, "ही मना काय तरी बोलंल."

माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. त्याची नक्कल माझ्याकडे नाही, साधा फोटोही काढून ठेवला नाही. तसं सुचलं नाही, आणि पुढे संधी मिळाली नाही. त्याची हळहळ अजून आहे.

आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा लॉकेट मंजुळाच्या गळ्यात होतं. बायजाबाईनं ते तिथल्या तिथे बोटांत धरून बघायचा प्रयत्न केला. "बारीक हाय. दिसत नाय मना." मंजुळानं ते गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं. मी माझं भिंग दिलं आणि डोळ्याला कसं लावायचं ते दाखवलं.

ती ओटीच्या कडेला उन्हात जाऊन बसली. आम्ही दोघी उभ्याच होतो. मंजुळानं माझा दंड धरून ठेवला होता. मग भिंग तसंच डोळ्याला लावून बायजाबाई हळूच, रागावल्यासारखी म्हणाली, "नीट बघ गो."

मंजुळानं माझा दंड सोडला.

बायजाबाई उठून आत गेली. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात दीपाच्या कपड्यांचं गाठोडं होतं. पोरीचे केस तिनं आमच्यासमोरच विंचरले, रिबीन बांधली, नाक पुसलं. मंजुळानं गाठोडं घेतलं आणि लॉकेटासाठी हात पुढे केला. बायजाबाईनं लॉकेट बांधून पदराला मारलेली गाठ मुठीत आवळून धरली.

"ही नाय देनार."

"अवो, तुमीच बोललात ना?" मंजुळा गोंधळली. "माज्या गल्यात दिसली पायजे..."

"बोलली व्हती. तू आपला तो टाकच घाल." मग दुसऱ्या हातानं तिनं दीपाला पुढे ढकललं, तिची बोटं मंजुळाच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुजी तू ने. माजी मना ऱ्हाऊ दे."